कोरडवाहू तत्त्वज्ञान

सर आमच्या पुढच्या खोलीत भाड्यानं राहायला आले, त्या दिवशी सासूबाईंनी त्यांना सहज विचारलं, "खिडकीतनं वारं बरं येतंय न्हवं?" दुसरा कुणी असता तर हो म्हणून मोकळा झाला असता. सर खिडकीपाशी गेले, जरा वेळ उभे राहिले आणि म्हणाले, "मला गार लागतंय. तुम्हाला?" सासूबाई नुकत्याच चुलीपासून उठून आल्या होत्या. त्या म्हणाल्या, मला तर उकडतंय. सरांचा चेहरा एकदम खुलला. "म्हणजे वारं गारही आहे आणि गरमही आहे," ते म्हणाले. "खोली घेतली."

सासूबाई आत येऊन मला हळूच म्हणाल्या, माणूस सज्जन दिसतोय, पण जरा सरकलेला आहे. भाडं कमी करून द्यावं का, असंही त्यांच्या मनात आलं होतं.

मी तालुक्याच्या कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवायचे आणि सर तत्त्वज्ञान. सास्तूरहून कॉलेजपर्यंत ते माझ्या स्कूटीवर मागं बसून येत. तत्त्वज्ञान घेणारी मुलं थोडी असत आणि त्यातली निम्मी तरी विषय सोपा आहे असं कुणीतरी सांगितलं म्हणून आलेली असत. सरांना त्याचं काही वाटत नसे. अभ्यासक्रमात ग्रीकांचा भाग होता आणि त्यात अथेन्सचे दोन मोठे तत्त्वज्ञ सगळी जागा अडवून बसलेले होते. सर त्यांना बागायतदार म्हणत. यांचं सगळं पीक हाताला लागलं, पोथ्या टिकल्या, शिष्य टिकले. पण त्याच काळात आजूबाजूच्या गावांत दुसरीही माणसं विचार करत होती, त्यांचं कोरडवाहू. त्यांची बहुतेक पुस्तकं गेली. विरोधकांनी त्यांना नावं ठेवताना जेवढं सांगितलं, तेवढंच आज आपल्यापाशी आहे. सरांचा जीव या कोरडवाहूंवर होता.

त्यांची नावंही ते घेत नसत. माणूस त्याच्या गावावरून ओळखावा, असं त्यांचं म्हणणं. म्हणून मेगारा गावचे ते मेगारेकर, किरीनचे किरीनकर, एलिसचे एलिसकर आणि सगळ्यांत लाडके अब्देरेकर. नव्या मुलांना बरेच दिवस वाटायचं की ही सगळी मंडळी कोल्हापूर-सांगलीकडची असावीत. एका मुलानं तर पेपरात लिहिलं होतं की श्री. अब्देरेकर यांचं मानवजातीवर मोठं प्रेम होतं. सरांनी त्याला पूर्ण गुण दिले. अब्देरेकरांचं म्हणणं, माणूस हेच सगळ्या गोष्टींचं माप, ज्याला जे जसं दिसतं ते त्याच्यापुरतं तसंच असतं. मुलाला ते प्रेम वाटलं असेल तर त्याच्यापुरतं ते प्रेमच, असं सर मला म्हणाले होते. प्राचार्यांना मात्र ते पटलं नाही.

सर चहा गोड झालाय असं कधी म्हणत नसत, मला गोड लागतोय म्हणत. हा किरीनकरांचा प्रभाव. त्यांच्या मते आपल्याला आपलं लागणं तेवढं कळतं, चहाचं स्वतःचं काय ते चहाला ठाऊक. मेगारेकरांकडून त्यांनी कोडी उचलली होती. एकदा माकणीला एका विद्यार्थ्याच्या खळ्यावर ज्वारीची रास पडली होती. सर तिथं उकिडवे बसले आणि विद्यार्थ्याच्या वडलांना विचारू लागले, यातला एक दाणा काढला तर रास राहील का? राहील. अजून एक काढला तर? राहील. असं करत करत नेमक्या कोणत्या दाण्याला ती रास राहणार नाही? त्या गृहस्थांनी सगळं मनापासून ऐकून घेतलं आणि म्हणाले, "सर, तुमचं ठरंस्तवर चिमण्या निम्मी खात्याल. जरा बाजूला बसा." सर ही गोष्ट स्वतःच हसत हसत सगळ्यांना सांगत.

एलिसकरांमुळे मात्र मला ताप झाला. एलिसकर म्हणे कशाबद्दलच ठाम मत देत नसत, इतकं की समोरून गाडी आली तरी बाजूला होत नसत आणि त्यांचे मित्र त्यांना दंडाला धरून ओढत. सर काही गाडीखाली जायला निघाले नव्हते, पण विचारात असले की रस्त्याच्या मधून चालायचे. उसाच्या हंगामात ढोकीच्या कारखान्याकडं दोन-दोन ट्रॉल्या लावलेले ट्रॅक्टर सुटलेले असतात. मी कितीदा तरी त्यांना बाहीला धरून कडेला घेतलंय. ते दर वेळी आभार मानून सांगायचे की एलिसकर फार म्हातारे होऊन वारले, कारण त्यांना मित्र चांगले मिळाले.

आमच्या गावात अशा माणसाचं कसं निभावलं, याचं मला अजून नवल वाटतं. सास्तूर हे भूकंपात पडलेलं आणि पुन्हा उभं राहिलेलं गाव. मी लग्न होऊन आले ती नव्या गावातच, सरळ रस्ते आणि सुटी सुटी घरं असलेल्या. दगडमातीची जुनी घरं मी पाहिली नाहीत. पण इथं चाळिशीच्या पुढचा कुणीही बोलता बोलता "तवा" म्हणाला, की तो कोणत्या रात्रीबद्दल बोलतोय हे सांगावं लागत नाही. इथल्या लोकांना तुमच्यापुरतं खरं, माझ्यापुरतं खरं असलं ऐकवणं सोपं नव्हतं.

आमच्या समोरच्या घरात नीलव्वा राहायची. वयानं सत्तरीच्या आसपास, गळ्यात चांदीचं लिंग, कपाळाला भस्माचे पट्टे, बोलताना मधूनच कानडी. भूकंपात तिची धाकटी मुलगी गेली. मोठा मुलगा मल्लिनाथ वाचला. तो आता कारखान्याला ऊस वाहणारा ट्रॅक्टर चालवतो आणि हंगामात कित्येक दिवस बाहेरच असतो.

त्या वर्षी नीलव्वा घरात झोपेनाशी झाली. आडवी पडली की जमीन हलते, म्हणायची. उठून बाहेर यायची, दारातल्या लिंबाच्या बुंध्याला टेकून बसायची, की हलणं थांबायचं. म्हणजे घरच हलतंय याची तिला खात्री पटली होती. मल्लिनाथनं भिंती दाखवल्या, कुठं तडा नाही. मी तिला समजावलं की जमीन जराशी जरी हलली तरी यंत्रावर नोंद होते, तशी काही बातमी नाही. तिनं माझं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "तवा तरी कुठल्या मशिनीनं सांगितलं व्हतं?"

सरांनी तिला कधी समजावलं नाही. येता-जाता ते विचारायचे, "अव्वा, आज हलली का?" ती म्हणायची, हलली. ते म्हणायचे, बरं. गावाला वाटायचं, सर म्हातारीची थट्टा करतात. सासूबाईंनी तर त्यांना एकदा सुनावलंही. पण ते थट्टा करत नव्हते. मला म्हणाले, तिची जमीन हलते, माझी नाही. मी तिला खोटं कसं म्हणू?

मग एका दुपारी ते झालं. नीलव्वा सुनेच्या आग्रहानं घरात आडवी झाली होती. डोळा लागला, तिनं कूस बदलली आणि ती किंचाळत रस्त्यावर आली. "पळा, भूकंप आला, पळा." त्या गावात तो शब्द रस्त्यावर ऐकल्यावर काय होतं, ते सांगायची गरज नाही. घराघरांतून माणसं बाहेर पडली. आमच्या सासूबाई चुलीवरचं दूध तसंच टाकून अंगणात धावल्या. शाळेतल्या बाईंनी मुलांना बाहेर काढलं, त्या गर्दीत पायरीवरून पडून एका मुलीचा हात मोडला. जमीन काही हललेली नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी समाजमंदिरात लोक जमले. मल्लिनाथ ट्रॅक्टर सोडून आला होता. त्यानं मान खाली घालून सांगितलं की आईला सोलापूरला मनोरुग्णांच्या दवाखान्यात ठेवतो. नीलव्वा तिथंच समाजमंदिराच्या दारात बसली होती, तिला सगळं ऐकू येत होतं. तेव्हा सर उठले. त्यांनी सांगितलं की ती वेडी नाही, तिला जे जाणवतं ते तिच्यापुरतं खरं आहे, आपल्याला नाही जाणवत ते आपल्यापुरतं खरं आहे.

गावचे उपसरपंच तात्या हे शांत स्वभावाचे, कुणाला अरे म्हणून न बोलणारे. भूकंपात त्यांची दोन मुलं गेली. ते जागेवरूनच बोलले.

"सर, तुमी शिकलेले हाव. पर एक तर जमीन हालती, न्हायतर न्हाय हालत. ती वरडली की माजी दोन लेकरं परत दबत्यात. हे कुणापुरतं खरं, सांगा."

सर उभेच होते. मला वाटलं, आता ते काहीतरी अब्देरेकर-मेगारेकर काढतील. पण ते म्हणाले, "तात्या, याचं उत्तर मला येत नाही," आणि खाली बसले. हंगाम संपेपर्यंत सांभाळा, मग मी घेऊन जातो, असं मल्लिनाथनं सांगितलं आणि बैठक मोडली.

त्यानंतरचे काही दिवस सर माझ्याशी धड बोलले नाहीत. स्कूटीवर मागं नुसते बसून असायचे. वर्गात त्यांनी किरीनकरांवरचा धडा अर्ध्यात सोडून दिला, असं मुलांनी सांगितलं. एका रविवारी सकाळी मी अंगणात कपडे वाळत घालत होते, तेव्हा सर समोर जाऊन लिंबाखाली नीलव्वाशेजारी बसलेले दिसले. मीही गेले.

सरांनी तिला विचारलं, "अव्वा, जमीन हलते म्हणजे कशी हलते?"

ती त्यांच्याकडं बघत राहिली. "तुमी बी हसाय आलाव का?"

"न्हाय. मला ती हललेली कळत न्हाय. तुम्हाला कळती, म्हणून विचारायलोय."

मग ती सांगायला लागली. इतके दिवस सगळ्यांनी तिला जमीन हलत नाही एवढंच सांगितलं होतं, कशी हलते हे कुणी विचारलंच नव्हतं. जात्यागत गरगर फिरती, ती म्हणाली. आडवं पडलं की लगेच, नाहीतर कूस बदलली की. जरा वेळ फिरते आणि आपोआप थांबते, पण तोवर ती बाहेर पळालेली असते. मळमळतं. सरांनी विचारलं, कोणत्या कुशीवर? उजव्या. आणि डाव्या? नीलव्वानं पदर सारखा केला. मग म्हणाली, "डाव्या अंगाला म्या निजत न्हाय. तिकडं लेक निजायची."

सरांनी कडेची बाज लिंबाखाली ओढली. मग त्यांनी तिला विचारलं, इथं बाहेर, आमच्यासमोर, बाजेवर एकदा डाव्या कुशीवर पडून बघाल का? ती तयार होईना. छप्पर तर वर नाहीच, लिंबच आहे, असं त्यांनी सांगितलं. शेवटी तिनं माझा हात धरला आणि बाजेवर आडवी झाली, डाव्या कुशीला. डोळे घट्ट मिटले होते. काहीच झालं नाही. तिनं डोळे उघडले, बाजेवरच्या समोरच्या रिकाम्या जागेकडं पाहिलं आणि तशीच पडून राहिली. तिच्या डोळ्यांतलं पाणी नाकावरून ओघळत होतं.

नंतर ती आपण होऊन म्हणाली, आता तिकडं वळते. उजवीकडं वळल्याबरोबर ती ओरडली आणि तिनं माझं मनगट आवळलं. मी तिच्या तोंडाकडंच बघत होते. तिचे डोळे थरथरत होते, दोन्ही बुबुळं एकसारखी एका बाजूला ओढली जात होती आणि परत येत होती. तिला ते मुद्दाम करता येण्यासारखं नव्हतं. इतके दिवस जे हलणं मी नाकारत होते, ते मला तिच्या डोळ्यांत दिसलं.

घरी येताना मी सरांना म्हटलं, हा कान आहे. आपला तोल आतल्या कानातल्या पाण्यावर चालतो, त्यात काहीतरी बिघडलंय. भूकंप काही माणूस कोणत्या कुशीवर झोपलाय ते बघून येत नाही. तिला आत्ताच्या आत्ता सांगून टाकू की जमीन हलत नाही, तुमचा कान बिघडलाय.

"तसं नका सांगू," सर म्हणाले. ते एकदम थांबले होते, तेही रस्त्याच्या मधोमध. "आजारी माणसाला जेवण कडू लागतं. अब्देरेकर म्हणतात, त्याच्यापुरतं ते कडूच आहे, त्याच्याशी वाद घालू नका. पण वैद्य काय करतो? तो जेवण कडू नाही हे सिद्ध करत बसत नाही. तो माणूस असा बरा करतो की त्याला ते गोड लागावं. शहाण्याचं काम तेवढंच. अहो, हे मी दर वर्षी फळ्यावर लिहितो आणि नुसतं 'आज हलली का' विचारत बसलो."

मी त्यांना बाहीला धरून कडेला घेतलं. मागून ट्रॅक्टर येत होता.

नीलव्वाला डॉक्टरकडं न्यायचं म्हणजे तिला वाटणार, वेड्यांच्या दवाखान्यात नेतात. मल्लिनाथचाही विश्वास बसेना. सरांनी तिला एवढंच सांगितलं की हलणं खरं आहे आणि ते थांबवणारं माणूस उमरग्याला आहे. तिनं विचारलं, जमिनीला थांबवतंय का? सर म्हणाले, तुमच्यापुरतं. ती जरा विचार करून म्हणाली, "मला तेवढंच पुरं हाय."

उमरग्याची कान-नाक-घशाची डॉक्टर वयानं लहान होती, पण तिनं सगळं नीट ऐकून घेतलं. कानाच्या आतले बारीक कण जागा सोडून भलतीकडं गेलेत, डोकं विशिष्ट रीतीनं वळवून ते परत जागेवर आणता येतात, असं तिनं आम्हाला समजावलं. गोळीही नको, सुईही नको. फक्त आडवं व्हावं लागेल. तेच अवघड होतं. वर छत, भोवती भिंती, आणि त्यात झटकन पाठीवर पडायचं, तेही नेमकं उजवीकडं मान करून. नीलव्वा खुर्ची सोडेना. मल्लिनाथनं समजावलं, मी समजावलं. तेव्हा सर चपला काढून स्वतःच त्या टेबलावर चढले आणि डॉक्टरांना म्हणाले, आधी माझं करा. डॉक्टर हसली, पण तिनं केलं. सरांची मान इकडून तिकडं वळवली, कुशीवर घेतलं, उठवून बसवलं. सरांचा चष्मा खाली पडला. नीलव्वा बघत होती. "तुमची हलली का?" तिनं विचारलं. सर म्हणाले, नाही, माझी नाही हलली. मग ती उठली.

टेबलावर आडवी होताच ती ओरडली, डॉक्टरच्या हाताला नखं रुतवली, पण उठली नाही. डॉक्टर तिला जरा जरा वळवत गेली. शेवटी बसवल्यावर ती बराच वेळ टेबलाची कड धरून होती. पुढच्या आठवड्यात पुन्हा नेलं, तेव्हा परत तसंच केलं. त्यानंतर उजव्या कुशीवर वळल्यावर ती वाट बघत राहिली, आणि काहीच आलं नाही.

मल्लिनाथ दवाखान्याच्या बाहेर जाऊन एकटाच उभा राहिला. त्यानं सोलापूरबद्दल पुन्हा काही काढलं नाही. गावातही हळूहळू कळलं. तात्या एकदा आमच्याकडं येऊन सरांजवळ बसले, चहा घेतला, ज्वारीबद्दल बोलले आणि गेले. समाजमंदिरातल्या त्या सकाळचा विषय कुणीच काढला नाही. सर मला म्हणाले, तात्यांच्या प्रश्नाचं उत्तर मला अजून येत नाहीच. अव्वा आता ओरडणार नाही, एवढंच झालं. उत्तर वेगळं असतं.

पुढं एका सोमवारी नीलव्वानं हुग्गी केली, म्हणजे गव्हाची गुळातली खीर, आणि आम्हा दोघांना जेवायला बोलावलं. घरात बसवलं, पंख्याखाली. तिची बाज आत भिंतीशी लावलेली दिसत होती. सर जेवत होते आणि ती समोर बसून वाढत होती. हुग्गी गोड झाली का, तिनं विचारलं. सर म्हणाले, मला लई गोड लागली. ती हसली. मग तिचा हात तुपाच्या वाटीवरच थांबला.

"सर, एक इचारू का? ह्ये जे हालत व्हतं, ते माज्या कानात व्हतं. डाक्टरीनबाईनं सांगितलं मला नंतर. मग तवाचं बी कानातच व्हतं का?"

मी सरांकडं पाहिलं. त्यांच्या तोंडात घास होता. त्यांनी तो गिळला, हातातला घास ताटात ठेवला आणि तिच्याकडं बघून म्हणाले, "न्हाय, अव्वा. तवाचं खरं होतं. तुमचं, तात्याचं, सगळ्या गावाचं. मी इथं नव्हतो, तरी खरं होतं."

नीलव्वानं पदरानं तोंड पुसलं.

"मग बरं," ती म्हणाली. "म्या भ्याले व्हते. म्हनलं, तवाचं बी खोटं म्हनून आता लेक बी काढून घेताव का काय."

आणि तिनं सरांच्या ताटात अजून एक पळी तूप ओतलं.